तज्ज्ञांचे राज्य आणि श्रमिकांचे राज्य

१९३२-३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत दर चार कामगारांपैकी जवळपास एकाला काम नव्हते. कोठारांत धान्य होते, कारखान्यांत यंत्रे होती, कोळसा आणि पोलाद हवे तेवढे काढता आले असते. तरी माणसे पावासाठी रांगा लावून उभी होती. त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम करणाऱ्या इंजिनिअरांच्या एका गटाने सांगायला सुरुवात केली, की हा दोष निसर्गाचा नाही, यंत्रांचा नाही आणि कामगारांचाही नाही. दोष पैशाच्या आणि किमतींच्या व्यवस्थेचा आहे. उत्पादनाचा कारभार राजकारणी आणि भांडवलदार यांच्याकडून काढून शास्त्रज्ञ-इंजिनिअरांच्या हाती द्या, म्हणजे आठवड्याला सुमारे सोळा तास काम करून प्रत्येकाला सुखाने जगता येईल. या गटाचा पुढारी होता हॉवर्ड स्कॉट. विचाराचे नाव टेक्नॉक्रसी. आपण त्याला तंत्रज्ञशाही म्हणतो. काही आठवडे अमेरिकेची वर्तमानपत्रे या एका विषयाने भरून गेली होती.

अनेकांना हा वेष बदललेला साम्यवाद वाटला. काहींना तो साम्यवादाला अमेरिकी इंजिनिअरांनी दिलेला जबाब वाटला. दोन्ही समज अपुरे आहेत. तंत्रज्ञशाही, समाजवाद आणि साम्यवाद या तिन्ही विचारांची मुळे एकाच मातीत आहेत, आणि त्यांची खरी फारकत मालकीच्या प्रश्नापेक्षा मतभेदाच्या प्रश्नावर होते, असे माझे मत आहे. समाजात माणसांचे हितसंबंध एकमेकांना भिडतात, तेव्हा त्या भांडणाला काय समजायचे? तंत्रज्ञशाही त्याला अज्ञान समजते: योग्य माहिती हाती आली की एकच बरोबर उत्तर निघते आणि वाद मिटतो. साम्यवाद त्याला वर्गाचे भांडण समजतो: वर्ग संपले की तेही संपेल. लोकशाही समाजवाद मात्र मानतो की भांडण कमीअधिक प्रमाणात राहणारच, म्हणून ज्याचे नुकसान होते त्याला बोलता येईल आणि अडवता येईल अशा संस्था हव्यात. गेली दोनशे वर्षे या कसोटीवर पाहिली की बरेच काही स्पष्ट दिसते.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागते. सेंट सायमन या उमरावाने १८१९ मध्ये एक कल्पना मांडली. समजा, फ्रान्सने एका रात्रीत आपले सर्वोत्तम शास्त्रज्ञ, कलावंत, कारागीर आणि उद्योजक असे तीन हजार लोक गमावले, तर देश निर्जीव होईल आणि सावरायला एक पिढी लागेल. पण त्याऐवजी राजघराण्यातले लोक, मंत्री, बिशप, न्यायाधीश आणि बडे जमीनदार असे तीस हजार लोक गेले, तर माणुसकीच्या नात्याने दुःख होईल, देशाचे मात्र काही अडणार नाही. या लिखाणाबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला, तो सुटला. उत्पादन करणारे आणि उत्पादनावर पोसले जाणारे अशी समाजाची विभागणी त्याने केली. पण त्याच्या उत्पादकांत मजूर, इंजिनिअर, बँकर आणि कारखानदार सगळे एका बाजूला होते. मालक आणि मजूर यांच्यात मुळात विरोध आहे हे त्याने मानले नाही.

त्याच्या पश्चात त्याच्या शिष्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्यातच पुढचा सगळा इतिहास बीजरूपाने आहे. काही शिष्य वारसाहक्क रद्द करा म्हणत समाजवादाकडे गेले. पेरेर बंधूंसारख्यांनी १८५२ मध्ये मोठी बँक काढली आणि रेल्वे उभारली. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८८० च्या आपल्या पुस्तिकेत सेंट सायमनला फूरिए आणि ओवेन यांच्या बरोबरीने समाजवादाच्या पूर्वसूरींत बसवले. त्याआधी १८७८ मध्ये त्याने जी मांडणी केली होती तिच्यावरही सेंट सायमनची छाप स्पष्ट आहे: भावी समाजात माणसांवर राज्य करण्याची गरज उरणार नाही, उरेल तो वस्तूंचा आणि उत्पादनाचा कारभार. हे वाक्य तंत्रज्ञशाहीच्या जाहीरनाम्यात जसेच्या तसे शोभले असते. साम्यवादाच्या अंतिम स्वप्नात राजकारण नाहीसे होते आणि तंत्रज्ञशाहीच्या पहिल्याच पावलाला ते नाहीसे होते, एवढाच इथे फरक उरतो.

राजकारण असे नाहीसे करण्यातला धोका त्या काळातही एकाने ओळखला होता. बाकुनिन या रशियन अराज्यवाद्याने १८७३ मध्येच बजावले होते की शास्त्राच्या नावाने चालणारे समाजवादी राज्य म्हणजे विद्वानांच्या नव्या वर्गाची सत्ता होईल, आणि ती आधीच्या कोणत्याही सत्तेइतकीच उद्दाम असेल. मार्क्सने हा आक्षेप गंभीरपणे घेतला नाही. घ्यायला हवा होता.

आता स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांकडे परत जाऊ, कारण तंत्रज्ञशाहीची सर्वांत सुसंगत मांडणी त्यांच्याकडेच सापडते. तिच्या मागे थॉर्स्टीन व्हेब्लेन हा अर्थशास्त्रज्ञ होता. १९२१ च्या पुस्तकात त्याने म्हटले की आधुनिक उद्योग चालवतात इंजिनिअर, पण त्यावर हुकूम चालतो नफा पाहणाऱ्यांचा. किंमत पडू नये म्हणून मालक उत्पादन मुद्दाम अडवतो. उद्या इंजिनिअरांनी एकजूट करून काम थांबवले तर मालकांचे काही चालणार नाही. या एकजुटीसाठी त्याने रशियाकडून सोव्हिएत हा शब्दही उसना घेतला. मात्र असे लवकर घडेल असे त्याला स्वतःला वाटत नव्हते; अमेरिकी इंजिनिअर मालकाच्या पगारावर समाधानी आहे हे तो जाणून होता. स्कॉटने काही काळ आय.डब्ल्यू.डब्ल्यू. या जहाल कामगार संघटनेसाठी संशोधनाचे काम केले होते. म्हणजे या चळवळीची नाळ कामगार चळवळीशी जोडलेली होती. ती तुटली कुठे?

ती तुटली श्रमाच्या किमतीवर. मार्क्सच्या विचाराचा पाया असा, की मूल्य माणसाच्या श्रमातून येते आणि मालक त्यातला एक हिस्सा काढून घेतो. टेक्नॉक्रसीवाल्यांनी वेगळा हिशेब केला. माणसाच्या स्नायूंची ताकद अश्वशक्तीच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी. एक टर्बाइन लाखो माणसांचे काम करते. उत्पादनात माणसाच्या श्रमाचा वाटा नगण्य होत चालला असेल, तर श्रमाच्या तासांनी मूल्य मोजणे निरर्थक आहे, आणि शोषणाचा सिद्धांतही त्याबरोबर कोसळतो. म्हणून त्यांनी मोजमापाचे एकक म्हणून ऊर्जा निवडली. खंडाचे एकूण ऊर्जा-उत्पादन मोजायचे, त्यातून यंत्रसामग्री आणि सार्वजनिक सेवांचा खर्च वजा करायचा, आणि उरलेली ऊर्जा सर्व प्रौढ नागरिकांना समान प्रमाणपत्रांच्या रूपात वाटायची. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला देता येणार नाही, साठवता येणार नाही, मुदत संपली की रद्द होईल. मग सावकारी नाही, व्याज नाही, वारसा नाही.

मार्क्सनेही १८७५ मध्ये, जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना, अशाच प्रमाणपत्राची कल्पना मांडली होती. पण ती श्रमाची पावती होती: जितके तास काम, तितका वाटा. सगळ्यांना गरजेप्रमाणे मिळण्याची अवस्था पुढे, विपुलता आल्यावर. टेक्नॉक्रसीचे म्हणणे असे की विपुलता आलेलीच आहे, किमतीची व्यवस्था तेवढी तिला अडवून बसली आहे. वाटपाच्या समतेत हे लोक कित्येक समाजवाद्यांच्या पुढे होते. म्हणूनच ते ठणकावून सांगत की भांडवलशाही, फॅसिझम, समाजवाद आणि साम्यवाद हे सगळे पैसा आणि किमतीवरच चालतात, त्यामुळे सगळे एकाच जुन्या घरातले आहेत.

ही समता मात्र सत्तेला लागू नव्हती. त्यांच्या आराखड्यात विधिमंडळ नाही, पक्ष नाहीत, नागरिकाचे मत नाही. वीज, वाहतूक, आरोग्य, शिक्षण असे प्रत्येक कामाचे खाते. खात्यातली बढती वरिष्ठांच्या पसंतीने. सर्व खात्यांच्या प्रमुखांचे एक नियंत्रक मंडळ आणि ते आपल्यातून निवडेल तो खंडाचा संचालक. ताटात सगळ्यांना सारखे, पण काय शिजवायचे ते विचारायचे नाही. वाद कशाबद्दल घालणार, असे त्यांचे म्हणणे होते. पूल किती भार सहन करेल हे मतदानाने ठरत नाही. बरोबर आहे. पण पूल कुठे बांधायचा आणि त्यासाठी कोणाचे घर पाडायचे हे गणिताने ठरत नाही, आणि राजकारणाचा सगळा ऐवज या दुसऱ्या प्रश्नात आहे.

चळवळ फार टिकली नाही. स्कॉटच्या पदव्या आणि पूर्वायुष्याबद्दलचे दावे खोटे ठरले, १९३३ च्या जानेवारीत त्याचे नभोवाणीवरचे भाषण फसले, कोलंबियाने हात झटकले. मार्चमध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि लोकांची आशा तिकडे वळली. टेक्नॉक्रसी इन्कॉर्पोरेटेड नावाची संघटना करड्या पोशाखात, करड्या गाड्यांत फिरत पुढे अनेक वर्षे राहिली. तिचे पाठ्यपुस्तक प्रामुख्याने लिहिणारा भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट १९५६ मध्ये खनिज तेलाच्या उत्पादनाला शिखर असते हे मांडून जगप्रसिद्ध झाला. कॅनडाने १९४० ते १९४३ या काळात संघटनेवर बंदी घातली होती. तिथल्या तिच्या एका पुढाऱ्याचे, जोशुआ हाल्डमनचे नाव आज पुन्हा घेतले जाते, कारण इलॉन मस्क हा त्याचा नातू.

संघटना विझली, विचार विझला नाही. त्याची खरी परीक्षा झाली ती रशियात, साम्यवाद्यांच्या हाती. लेनिनने १९१८ मध्येच कारखान्यांत टेलरची पद्धत, म्हणजे कामाच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजून काम बसवण्याची अमेरिकी पद्धत, शिकून घ्यायला सांगितले होते. डिसेंबर १९२० मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहात सोव्हिएतांच्या आठव्या अधिवेशनापुढे देशाच्या विद्युतीकरणाची योजना मांडली गेली. व्यासपीठावर रशियाचा भलामोठा नकाशा होता आणि जिथे वीजकेंद्रे होणार तिथे दिवे लागत होते. तीस केंद्रे, दहा ते पंधरा वर्षे. सोव्हिएत सत्ता अधिक विद्युतीकरण म्हणजे साम्यवाद, हे लेनिनचे समीकरण याच काळातले. योजना आखणारे बहुतेक तज्ज्ञ पक्षाबाहेरचे होते. त्याच भाषणात लेनिनने अशी आशा व्यक्त केली की पुढे सभांमध्ये राजकारणी कमी बोलतील आणि इंजिनिअर व शेतीतज्ज्ञ जास्त बोलतील.

तसे झाले नाही. १९२८ मध्ये शाख्ती या कोळशाच्या भागातल्या ५३ इंजिनिअर-तंत्रज्ञांवर घातपाताचा जाहीर खटला चालला. पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. १९३० मध्ये तथाकथित औद्योगिक पक्षाचा खटला झाला. इंजिनिअरांनी सत्ता बळकावण्याचा कट केला, हा आरोप. मुख्य आरोपी रामझिन हा उष्णता-अभियांत्रिकीचा तज्ज्ञ. त्याला मृत्युदंड झाला, तो कमी करून तुरुंगवासाचा केला, आणि तुरुंगवास भोगताना त्याने बनवलेल्या बॉयलरसाठी पुढे १९४३ मध्ये त्यालाच स्टालिन पारितोषिक मिळाले. ज्ञान हवे होते. ज्ञानाबरोबर येणारे स्वतंत्र मत नको होते.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खंत वाटते ती प्योत्र पालचिन्स्की या खाण-इंजिनिअरबद्दल. १९०१ मध्ये, झारच्या काळात, त्याला डोनेत्स खोऱ्यातल्या कोळशाचा अभ्यास करायला पाठवले होते. त्याने खाणकामगार कसे राहतात, कुठे झोपतात, याची नोंद केली, आणि ती नको तितकी बोलकी ठरल्यामुळे त्याची रवानगी सायबेरियात झाली. क्रांतीनंतर त्याने नियोजनाला मनापासून साथ दिली. पण अवाढव्य धरण आणि अवाढव्य पोलाद कारखाना हीच प्रगती, हे त्याला मान्य नव्हते. जागेची पाहणी करा, लहान पर्यायांचा विचार करा, कामगारांच्या घरांचा खर्च हिशेबात धरा, हे त्याचे मागणे. १९२८ मध्ये त्याला अटक झाली आणि १९२९ मध्ये खटला न चालवताच गोळी घातली. तो तज्ज्ञ होता आणि समाजवादाच्या जवळचाही होता. माणूस हा अभियांत्रिकीचा भाग आहे असे मानणाऱ्या एका दुर्मीळ इंजिनिअरला श्रमिकांच्या राज्याने संपवले. पुढे सोव्हिएत सत्तेत इंजिनिअरांची कमी नव्हती. ब्रेझनेव्ह धातुकामाचा, कोसिगिन कापड उद्योगाचा पदवीधर. पण ते पालचिन्स्कीच्या वाटेचे नव्हते. दिलेले लक्ष्य गाठणे त्यांना येत होते, लक्ष्यच चुकले आहे असे सांगण्याची सवय त्या व्यवस्थेने मोडून काढली होती.

युगोस्लाव्हियातला साम्यवादी नेता मिलोव्हान जिलास याने १९५७ मध्ये नव्या वर्गाबद्दलचे पुस्तक लिहिले आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. त्याचा निष्कर्ष असा, की मालमत्ता कागदोपत्री सगळ्यांची झाली तरी तिचा वापर ठरवणारे पक्षाधिकारी हेच तिचे खरे मालक होतात. एकेकाळचा ट्रॉट्स्कीवादी जेम्स बर्नहॅम १९४१ मध्ये याच्या जवळपास पोहोचला होता. त्याला पुढचे जग व्यवस्थापकांचे दिसले, रशियात आणि अमेरिकेतही. दोघांनी बाकुनिनची शंका अनुभवातून खरी ठरवली.

इथे एक वाद लक्षात घ्यायला हवा, कारण तिन्ही विचारांना तो भिडतो. १९२० मध्ये मीझेस या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने म्हटले की बाजारभाव नसतील तर समाजवादी नियोजनाला काय किफायतशीर आणि काय उधळपट्टी हे कळणारच नाही. १९४५ मध्ये हायेकने त्यात भर घातली: उपयोगाचे ज्ञान लाखो लोकांच्या डोक्यांत विखुरलेले असते, ते कोणत्याही एका कचेरीत गोळा होत नाही. हा आक्षेप समाजवादावर म्हणून ओळखला जातो. पण तंत्रज्ञशाहीला तो अधिक जोरात लागतो. समाजवादाचे मूळ आवाहन न्यायाचे आहे, ते चुकीच्या आकडेवारीनेही पूर्ण खोटे पडत नाही. तंत्रज्ञशाहीचा सगळा अधिकारच आपल्याला माहीत आहे या दाव्यावर उभा असतो.

उत्तरे देण्याचे प्रयत्न झाले आणि ते मोलाचे होते. लेनिनग्राडच्या कांतोरोविचने १९३९ मध्ये प्लायवूड कारखान्याच्या एका अडचणीतून मर्यादित साधनांच्या वाटपाचे गणित शोधले. त्याला १९७५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सोव्हिएत संघात हे गणित बराच काळ संशयाने पाहिले गेले, कारण त्यातून निघणाऱ्या किमती श्रममूल्याच्या सिद्धांताशी जुळत नव्हत्या. कीव्हच्या ग्लुश्कोव्हने १९६० च्या दशकात सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेला जोडणारे संगणकजाळे सुचवले. खात्यांना आपली माहिती एकमेकांपुढे उघडी करायची नव्हती. योजना मार्गी लागली नाही.

चिलीची गोष्ट मात्र वेगळी आणि विचार करायला लावणारी आहे. लोकांच्या मतांनी निवडून आलेले समाजवादी अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने १९७१ मध्ये स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञाला बोलावले. सार्वजनिक कारखान्यांतली रोजची माहिती टेलेक्सने सांतियागोला यायची, संगणकाने अडचण हेरायची, आणि ठराविक मुदतीत कारखान्याच्या पातळीवर ती सुटली नाही तरच वर जायची. सात खुर्च्यांची एक नियंत्रण-खोली उभारली गेली, तिथे कामगारांनीही बसावे अशी बिअरची इच्छा होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप पुकारला तेव्हा याच टेलेक्स जाळ्याने सरकारला पुरवठा चालू ठेवायला मदत केली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सरकार उलथवले. त्यानंतर त्याच देशात दुसरे तज्ज्ञ आले: शिकागो विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी खासगीकरणाचा कार्यक्रम राबवला, आणि तो राबवताना ना संसद होती ना मोकळ्या कामगार संघटना. एकाच दशकात एकाच देशाने दोन प्रकारचे तज्ज्ञ पाहिले. एक समाजवादाच्या कामाला, दुसरे हुकूमशहाच्या. तंत्रज्ञशाही स्वतःच्या पायावर क्वचितच उभी राहते; ती मालक शोधते, आणि मालक कोण यावर तिचा परिणाम ठरतो.

चीनने हा लंबक दोन्ही टोकांना नेऊन दाखवला. माओच्या काळात तज्ज्ञापेक्षा निष्ठा मोठी मानली गेली. १९५८ मध्ये गावोगावी परसात लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या पेटल्या, हाती आले ते बरेचसे निरुपयोगी लोखंड, आणि ‘मोठी झेप’ नावाच्या त्या मोहिमेच्या धोरणांतून भीषण दुष्काळ आला. माओनंतर लंबक उलट गेला. २००२ मध्ये सत्तेच्या शिखरावरच्या स्थायी समितीतले नऊच्या नऊ सदस्य अभियांत्रिकीच्या शिक्षणातून आलेले होते. हू जिंताओ जल-अभियंता, वेन जियाबाओ भूशास्त्राचे. या कारभाराने रेल्वे, वीज आणि रोजगाराची जी कामे केली ती कोणी नाकारू नये. पण त्याच परंपरेत एक मूल धोरणही आहे. सोंग जियान हा क्षेपणास्त्र-नियंत्रणाचा शास्त्रज्ञ. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकावर शंभर वर्षांची लोकसंख्या मांडली आणि चीनसाठी योग्य आकडा ६५ ते ७० कोटी असा काढला. सौम्य उपाय सुचवणारे समाजशास्त्रज्ञ त्या समीकरणांपुढे फिके पडले. १९८० पासून सक्ती सुरू झाली, ती २०१५ अखेरपर्यंत चालली. सक्तीचे गर्भपात, नसबंदी, नाहीशा झालेल्या मुली हे सगळे त्या आलेखाच्या बाहेर राहिले. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे आणि आता सरकार मुले व्हावीत म्हणून प्रोत्साहन देते आहे. क्षेपणास्त्राला मत नसते. जिला मत असते त्या आईला त्या गणितात जागा नव्हती, आणि तिच्या बाजूने बोलेल असा दुसरा पक्षही त्या देशात नव्हता. साम्यवादी राज्य आणि तंत्रज्ञशाही एकत्र आली की तक्रारीची दोन्ही दारे बंद होतात. माझ्या मते हा जोड सर्वांत घातक आहे.

आपल्या प्रदेशाचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. मॉस्कोत दिव्यांचा नकाशा लागला त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२१ मध्ये, पुण्याजवळ मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. तिथेही वीजच हवी होती, मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वेसाठी. योजना टाटांच्या कंपनीची, जमीन संपादन करून देणारे सरकार इंग्रजांचे. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून सेनापती झाले. लढा हरला, धरण झाले. रशियात समाजवादी राज्य आणि इथे भांडवली कंपनी, पण बुडणाऱ्या जमिनीच्या मालकाला दोन्हीकडे एकच उत्तर होते: देशाचे हित मोठे आहे आणि ते आम्हाला कळते. मालकी बदलल्याने हे उत्तर आपोआप बदलत नाही, हे स्वातंत्र्यानंतर कोयनेच्या धरणग्रस्तांनीही अनुभवले.

विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्यात नोकरीला लागले, खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९३४ मध्ये त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट हे त्यातले लक्ष्य. त्यांना नियोजन हवे होते, समाजवाद नको होता. १९५० मध्ये नियोजन आयोग आला, १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या प्रारूपावर उभी राहिली, आणि समाजवादी समाजरचना हे ध्येय जाहीर झाले. समाजवाद उद्दिष्टात आणि तंत्रज्ञशाही कार्यपद्धतीत, अशी ही घडण होती. तिने पोलाद, धरणे आणि संशोधनसंस्था दिल्या. प्राथमिक शाळा आणि जमीन सुधारणा यांना तेवढा जोर मिळाला नाही, कारण ज्यांना त्या हव्या होत्या ते प्रारूप लिहिणाऱ्यांच्या खोलीत नव्हते.

या संदर्भात डॉ. आंबेडकरांची मांडणी मला आजही सर्वांत पक्की वाटते. ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम सदस्य असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली. तज्ज्ञांचे मोल त्यांना नीट ठाऊक होते. १९४७ च्या निवेदनात त्यांनी पायाभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी असे सुचवले. पण दोन अटींसह: हा समाजवाद संविधानात लिहिलेला हवा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या बहुमताला तो मोडता येणार नाही; आणि राज्यपद्धती संसदीय लोकशाहीची हवी, म्हणजे हुकूमशाही येणार नाही. मालकी समाजाची, कारभारात तज्ज्ञ, आणि वर जाब विचारणारा नागरिक, हे तिन्ही त्यांनी एकत्र बांधले. संविधानसभेने ती योजना स्वीकारली नाही.

धनंजयराव गाडगीळांनी दुसऱ्या बाजूने हेच करून पाहिले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे हे प्राध्यापक प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. सहकारात भाग कितीही असोत, मत एकच. अर्थतज्ज्ञ अध्यक्ष असला तरी त्याला सभासदांच्या सभेपुढे ताळेबंद ठेवावा लागे. पुढे कारखान्यांत घराणी बसली, आणि ऊस तोडणाऱ्या कामगाराला तर सभासदत्व कधी मिळालेच नाही, ही या प्रयोगाची मोठी उणीव. केरळमध्ये १९९६ साली साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाखालच्या डाव्या आघाडीने योजनेचा ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे दिला आणि ग्रामसभांतून योजना करायला लावल्या. शास्त्र साहित्य परिषद या तिथल्या लोकविज्ञान संघटनेचे शिक्षक, इंजिनिअर, निवृत्त अधिकारी मदतीला उभे राहिले. याच परिषदेने त्याआधी सायलेंट व्हॅलीतल्या वीजप्रकल्पाला शास्त्रीय अभ्यासाने विरोध केला होता. साम्यवादी पक्षाने निवडणूक हरण्याची शक्यता मान्य केली की त्याचा तज्ज्ञांशी असलेला व्यवहारही बदलतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आज तंत्रज्ञशाहीचे नाव घेऊन कोणी पक्ष चालवत नाही. ती संस्थांतून आली आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये इटलीत मारिओ मोंती यांचे मंत्रिमंडळ बनले, त्यात निवडून आलेला एकही पक्षनेता नव्हता. आपल्याकडे २०१६ पासून व्याजदर सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. महागाई चार टक्के, दोन टक्के वर-खाली, हे तिला दिलेले लक्ष्य. नोटा छापण्याचा मोह निवडणुकीच्या हातात नसावा हा यामागचा विचार मला पटतो. पण दर वाढला की घराचा हप्ता कोणाचा वाढतो आणि काम कोणाचे जाते, याची चर्चा संसदेत व्हायलाच हवी, आणि ती फार कमी होते. समाजवाद्यांनी हे क्षेत्र तांत्रिक म्हणून सोडून दिले, ही त्यांची चूक आहे.

माझा निर्णय असा. तंत्रज्ञशाही हा समाजवाद किंवा साम्यवाद यांना समांतर असा तिसरा पर्याय नाही. संपत्ती कोणाची, हा प्रश्न ती सोडवत नाही, म्हणून ती कोणाच्याही घरी नांदू शकते. साम्यवादाने तो प्रश्न कागदोपत्री सोडवला, पण चुकणाऱ्या सत्तेला हटवण्याची सोय ठेवली नाही. दोन्ही प्रश्न एकत्र धरण्याची क्षमता लोकशाही समाजवादातच आहे, आणि त्याने तज्ज्ञाला नाकारण्याची काही गरज नाही. पालचिन्स्कीसारखे तज्ज्ञ त्याला हवेत, जिवंत आणि बोलते.

याचा रोजचा उपयोगही सांगतो. धरण, खाण, बंदर किंवा मोठा कारखाना आपल्या भागात येतो तेव्हा अनेक प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करून द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो कोणी मागत नाही. तो मागा, वाचा, गावातल्या एखाद्या इंजिनिअरला किंवा विज्ञानाच्या शिक्षिकेला सोबत घ्या, आणि सुनावणीला उभे राहून आपला आक्षेप लेखी नोंदवून घ्या.